एचआयव्हीची चाचणी: तारखा मोजून जा, मगच रिपोर्टवर विश्वास ठेवा

आयसीटीसीत, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात, समोर बसलेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न असतो, "कधी झालं?" काय झालं, कुणाबरोबर झालं, हे नंतर. कारण रिपोर्टवर 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' (चाचणीत लागण दिसली नाही) असं छापून आलं तरी त्याचा अर्थ तारखेशिवाय लागत नाही. म्हणून तयारीतली पहिली गोष्ट एक कागद. त्यावर त्या प्रसंगाची तारीख आणि अंदाजे वेळ लिहा. गेल्या काही महिन्यांत असे प्रसंग एकाहून जास्त असतील तर शेवटचा कोणता ते लिहा, मोजणी तिथून सुरू होते. कागद घरात ठेवायची भीती वाटत असेल तर मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये नुसती फुली मारून ठेवा.

दुसरी गोष्ट, घडलं त्यात खरंच धोका होता का, हे शांतपणे पाहा. एचआयव्ही पसरतो तो रक्त, वीर्य, योनीतला व गुदमार्गातला स्राव आणि आईचं दूध यांतून. निरोध न वापरता झालेला किंवा निरोध फाटलेला लैंगिक संबंध, नशेसाठी एकमेकांची वापरलेली सुई, रुग्णाला टोचलेली सुई स्वतःच्या बोटात घुसणं, लैंगिक अत्याचार, हे धोक्याचे प्रसंग. डास चावला, एका ताटात जेवलो, मिठी मारली, कुणाचा टॉवेल वापरला, यांतून लागण होत नाही आणि त्यासाठी चाचणीचीही गरज नाही. जोडीदार एचआयव्हीसह जगणारा असेल, नियमित औषध घेत असेल आणि त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, तपासणीत सापडण्याइतकाही उरला नसेल, तर लैंगिक संबंधातून त्याच्याकडून लागण होत नाही. हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि त्यापायी चांगली घरं मोडताना पाहिली आहेत.

धोका खरा असेल आणि अजून ७२ तास उलटले नसतील, तर चाचणीचा विचार बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा. लागण होऊ नये म्हणून घ्यायचं औषध असतं, त्याला पेप म्हणतात. पहिली गोळी जितकी लवकर तितकी चांगली. पहिल्या दोन तासांत मिळाली तर उत्तम, ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग होत नाही. सिव्हिल हॉस्पिटल, मेडिकल कॉलेज किंवा एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र, असलेल्या सरकारी रुग्णालयात जा. रात्र असेल, सुट्टी असेल तर थेट कॅज्युअल्टीत जा आणि आडवळणाने न बोलता म्हणा, "एचआयव्हीच्या धोक्याचा प्रसंग झालाय, पेप हवी आहे." सकाळी ओपीडी उघडेपर्यंत थांबू नका. आपल्याकडे सध्या टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं एकत्र असलेली एक गोळी रोज, सलग २८ दिवस देतात. पहिल्या दिवशी रक्त घेतात, पण त्या रिपोर्टसाठी पहिली गोळी अडवून ठेवायची नसते. आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. अ‍ॅसिडिटीचं औषध, कॅल्शियम, लोह यांमुळे डोल्युटेग्राविर अंगी लागत नाही, म्हणून त्यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात. किडनीचा त्रास असेल, गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, तर ते डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगून टाका.

वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर आणि मावशींसाठी इथे थोडं जास्त लिहिते. कचऱ्याच्या पिशवीतली सुई टोचली की बोट दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट ओतू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. डोळ्यात रक्त उडालं तर नुसत्या पाण्याने धुवा. मग लगेच इनचार्ज सिस्टरला सांगा आणि रजिस्टरमध्ये नोंद करायला लावा. कंत्राटी मावशी हे सांगत नाहीत, काम जाईल म्हणून घाबरतात, आणि ७२ तास तसेच निघून जातात. मला याचं फार वाईट वाटतं. बाधित रुग्णाची सुई टोचल्यावर लागण होण्याची शक्यता साधारण तीनशेत एक असते. ती आणखी कमी करणारं औषध त्याच इमारतीत असतं.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने तातडीचे उपचार मोफत द्यायचे असतात. पोलिसांत तक्रार झाली नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत. पेपबरोबर गर्भधारणा टाळण्याची गोळीही तेव्हाच मागून घ्या.

आता मुख्य प्रश्न, चाचणी कधी करायची. विषाणू शरीरात शिरला की लगेच रक्तात सापडत नाही. पहिले काही दिवस कोणतीच चाचणी त्याला पकडू शकत नाही. साधारण दहाव्या दिवसानंतर त्याचं जनुकीय द्रव्य सापडू लागतं, त्यानंतर पी-२४ नावाचं त्याचं प्रथिन, म्हणजे अँटिजन, आणि सगळ्यात शेवटी आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी. लागण झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंतच्या या मधल्या काळाला आम्ही विंडो पिरियड म्हणतो. तो चाचणीगणिक बदलतो. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी 'फोर्थ जनरेशन' चाचणी पी-२४ आणि अँटिबॉडी दोन्ही शोधते. ती १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते. फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचणीला २३ ते ९० दिवस लागतात, आणि झटपट निकाल देणारी पुष्कळ किट याच प्रकारची असतात. बोटाच्या टोकातून रक्त घेतलं असेल तर किट दोन्ही गोष्टी शोधणारं असलं तरी ९० दिवसच धरावे. विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी नॅट किंवा पीसीआर ही महागडी चाचणी १० ते ३३ दिवसांत पकडते, पण लवकर करून ती निगेटिव्ह आली म्हणून पुढची चाचणी टळत नाही.

म्हणून लॅबमध्ये जाताना एक प्रश्न पाठ करून जा: "ही चाचणी फक्त अँटिबॉडीची आहे की अँटिजन-अँटिबॉडी दोन्हीची?" काउंटरवरच्या माणसाला सांगता आलं नाही तर तीन महिने धरून चाला. त्यात चूक होत नाही.

तारखा मोजून दाखवते. समजा प्रसंग १ जूनच्या रात्री झाला आणि पेप घेतली नाही. प्रयोगशाळेतल्या फोर्थ जनरेशन चाचणीचे ४५ दिवस १६ जुलैला भरतात. त्या दिवशी किंवा नंतर ती नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आली तर तो रिपोर्ट भरवशाचा. साध्या किटचे ९० दिवस ३० ऑगस्टला भरतात. मात्र पेप घेतली असेल तर मोजणी प्रसंगापासून करू नका, शेवटच्या गोळीपासून करा, कारण औषधामुळे लागण चाचणीत उशिरा दिसू शकते. २ जूनच्या सकाळी पहिली गोळी घेतली तर २८वी २९ जूनला. तिथून ४५ दिवस १३ ऑगस्टला, ९० दिवस २७ सप्टेंबरला. डॉक्टर मध्ये आणखी एखादी तपासणी लिहून देतील, तीही चुकवू नका. लागण टाळण्यासाठी आधीपासूनच रोज प्रेपची गोळी घेत असाल तर हे साधं गणित लागू पडत नाही, तारखा एआरटी केंद्रातूनच घ्या.

मग पहिल्या दिवशी रक्त का घेतात, असं लोक विचारतात. ते रक्त कालच्या प्रसंगाबद्दल काहीच सांगत नाही. तुम्ही त्याआधीच बाधित होतात का, एवढंच त्यातून कळतं. एक मुलगा पहिल्या पंधरा दिवसांत चार लॅबमध्ये जाऊन आला होता. चारही रिपोर्ट फाइलला लावलेले, चारही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, आणि चेहऱ्यावर झोपेचा पत्ता नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या फाइलमध्ये नव्हतंच. दिवस भरल्यावर केलेली एक चाचणी त्याला पुरली. त्या दिवसांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ आलं तरी त्यावरून काही ठरवू नका. लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांनी अशी लक्षणं येऊ शकतात, तशी ती साध्या व्हायरल तापातही येतात, आणि लागण होऊनही कित्येकांना काहीच होत नाही. डॉक्टरांना मात्र प्रसंगाची तारीख सांगून दाखवा.

दिवस भरेपर्यंत निरोध वापरा. नवराबायकोतही वापरा. "घरी काय सांगू?" हा इथला सगळ्यात अवघड प्रश्न आहे, त्यासाठीच समुपदेशक बसलेले असतात, दोघांनी मिळून या. या काळात रक्तदान करू नका. गावात शिबिर लागलं आणि मित्रांनी ओढलं तरी नको. रक्तपेढीत आपली फुकट तपासणी होईल या विचाराने तर मुळीच नको, विंडो पिरियडमधली ती एक पिशवी दुसऱ्या कुणाला तरी चढवली जाते.

चाचणीच्या दिवशी उपाशीपोटी यायची गरज नाही. जिल्हा, उपजिल्हा, ग्रामीण रुग्णालयांतल्या आयसीटीसीत चाचणी मोफत होते. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. गावातल्या केंद्रात ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल तर शेजारच्या तालुक्यात जा, कुणी अडवत नाही. एचआयव्ही व एड्सविषयीचा २०१७चा कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि निकाल गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. रिपोर्ट घ्यायला स्वतः या. बरोबर कुणाला आणायचं हे आधी ठरवा, आणि आणायचं नसेल तर त्या संध्याकाळी फोन करता येईल असं एक माणूस मनाशी ठरवून ठेवा.

रिपोर्ट हातात आला की आधी नमुना घेतल्याची तारीख बघा आणि तुमच्या कागदावरच्या तारखेशी जुळवा. दिवस भरलेत आणि मध्ये नवा प्रसंग झालेला नाही, तर नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे लागण नाही. तिथे थांबा. सात-आठ महिने, वर्षभर पुन्हा पुन्हा रक्त देत राहणारे लोक येतात. चाचणी चुकलेली नसते, मनातली भीती गेलेली नसते, आणि तिच्यासाठी सुई नव्हे, मोकळं बोलणं लागतं. तेवढ्यासाठी आलात तरी चालेल.

एकाच चाचणीत रिअ‍ॅक्टिव्ह आलं, तर तो निकाल अजून पक्का नाही. खासगी लॅबचा असा कागद घेऊन घरी बसू नका, आयसीटीसीत या. वेगवेगळ्या तीन किटवर रिअ‍ॅक्टिव्ह आल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात. निकाल संदिग्ध आला तर १४ दिवसांनी पुन्हा बोलावतात. पक्का पॉझिटिव्ह आला तर त्याच आवारातून एआरटी केंद्रात नाव लागतं. २०१७पासून सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कितीही असो, औषध लगेच आणि मोफत सुरू होतं, आणि ते रोज घेणारा माणूस नोकरी, लग्न, मुलंबाळं सगळं करत म्हातारा होतो.

एचआयव्हीबरोबर आणखी तीन तपासण्या त्याच कागदावर लिहून ठेवा: सिफिलिससाठी व्हीडीआरएल पहिल्या दिवशी आणि तीन महिन्यांनी, हिपॅटायटिस बी, आणि रक्ताशी संबंध आला असेल तर हिपॅटायटिस सी, जिची तपासणी सहा महिन्यांपर्यंत चालते. हिपॅटायटिस बीची लस पूर्वी घेतली नसेल तर पहिला डोस शक्यतो २४ तासांत घ्यावा. दुसरा एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. वरच्या उदाहरणात २ जूनला पहिला डोस घेतला असेल, तर सप्टेंबरमध्ये एचआयव्हीचा शेवटचा रिपोर्ट हातात आल्यानंतरही कागदावर एक तारीख उरते, २ डिसेंबर. तीही चुकवू नका.