कोकणात समुद्राजवळ प्लॉट घेताय? पुणेकरांनो, या चुका टाळा

ताम्हिणी उतरून दिवेआगर-श्रीवर्धनला प्लॉट बघायला आपण जातो कधी, तर डिसेंबर-जानेवारीत, हवा मस्त असते म्हणून. पहिली चूक तिथेच. पावसाळ्यात मोठ्या लाटांनी समुद्रात ओढून नेलेली वाळू हिवाळ्यातल्या शांत लाटा हळूहळू परत आणून टाकतात, त्यामुळे तेव्हा पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, ऐसपैस दिसते. बघायचंच तर जुलै-ऑगस्टमध्ये बघा, आवस-पुनवेनंतर एकदोन दिवसांनी, उधाणाच्या भरतीला. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी भरती असते, पाणी लांबच राहतं आणि एजंट छातीठोकपणे सांगतो की इथवर कधी येतच नाही.

दुसरी चूक म्हणजे भिंत. आपल्याला सवयच आहे ना, जागा घेतली की आधी कंपाउंड! उताराच्या पुळणीवर लाट चढता चढता दमते, पण सरळ उभ्या भिंतीवर आपटून ती जोरात मागे फिरते आणि पायथ्याची वाळू खरवडून नेते, मग भिंतीपुढची पुळण जाते, भिंत संपते तिथे शेजाऱ्याची जमीन जास्त धुपते, मग तोही भिंत बांधतो आणि हे असंच पुढे सरकत राहतं. मोठ्या प्रमाणावर बघायचं तर चेन्नई बघा. तिथे वर्षभराचा हिशोब केला तर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. एकोणिसाव्या शतकात बंदराच्या भिंती समुद्रात घातल्या, तशी दक्षिणेला मरिना बीच रुंद होत गेली आणि उत्तरेला रोयापुरमकडे किनारा खचला. कोकणात तर बऱ्याच पुळणी डोंगराच्या दोन सोंडांमध्ये अडकलेल्या, वाळूचा साठाच मोजका, त्यात वाळूउपसा.

तिसरी चूक, 'साफसफाई'. व्ह्यू पाहिजे म्हणून वाळूची टेकडी सपाट करायची, तिच्यावर पसरलेली मर्यादावेल उपटायची, वर लॉन. अहो, ती टेकडी म्हणजे किनाऱ्याची एफडी, वादळात मोडायची आणि नंतर परत भरायची! आधीच सपाट केली असेल तर लॉन काढा, वेल परत पसरू द्या, झावळ्यांचं कुंपण घाला, उडणारी वाळू तिथे अडते.

आणि जमीन एनए (बिगरशेती) झालीय म्हणजे सगळं झालं असं नाही. २०१९ च्या सीआरझेड (किनारी बांधकामावरच्या) नियमांत ग्रामीण भागात लोकवस्ती दर चौरस किमीला २१६१ पेक्षा जास्त असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, नाहीतर २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. आपल्या आवडत्या शांत गावांत २०० च धरून चाला. भरतीरेषा मंजूर नकाशावर बघायची, एजंटच्या बोटावर नाही. शिवाय शेजारच्या वाडीतल्या आजोबांना विचारा, समुद्राकडच्या नारळाच्या किती ओळी गेल्या, ते लगेच सांगतील.