पत्र्याच्या खोलीत रेंज हवी, तर जाळी नायलॉनची लावा

तासगावकडे बेदाण्याच्या शेडशेजारी पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांना हे रोजचंच: दारात फोनला चार दांड्या, आत गेलं की एकही नाही. पत्रा फोनच्या रेडिओ लहरी परतवतो; रेंज येते ती दार-खिडकीतून. आणि नेमकी तिथंच आपण डासांसाठी लोखंडी जाळी ठोकतो! ९०० मेगाहर्ट्‌झच्या मोबाईल लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, जाळीचं छिद्र जेमतेम दीड मिलिमीटर. एवढ्या बारीक छिद्रातून लहर शिरत नाही; तिच्या लेखी तो पत्राच. टॉवरच्या बाजूच्या खिडकीला तरी नायलॉनची जाळी लावा, छपरात एखादा फायबरचा पत्रा टाका. पटत नसेल, तर फोन ॲल्युमिनियम फॉईलमध्ये फट न ठेवता दोन-तीन वेढे गुंडाळा आणि दुसऱ्या फोनवरून लावून बघा. बहुतेक वेळा लागतच नाही. वायफायचा राऊटर लोखंडी कपाटामागे किंवा पाण्याच्या टाकीआड ठेवू नका; पाणी त्याच्या लहरी शोषून घेतं.