कात्री हातात घेण्याआधी

डिसेंबरात कुंड्या फुलून आल्या की पहिला बहर ओसरायच्या आत सुकलेल्या फुलांच्या छाटणीची तयारी करून ठेवायची. छोटी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हवी. ती नसेल तर साधी टोकदार कात्री चालेल, पण धार लावलेली, कारण बोथट पात्याने देठ चिरडतो. पाती स्पिरिटने पुसून घ्या आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) किंवा मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसणारं रोप सगळ्यात शेवटी घ्या. शेजारी एक घमेलं कचऱ्यासाठी, एक परडी बऱ्या फुलांसाठी. (आमच्याकडे परडी नसली की अर्धवट उमललेला झेंडूसुद्धा घमेल्यात गेल्याची बोलणी बसतात.) पिटुनियाचे देठ चिकट असतात, तेव्हा जुने हातमोजे हाताशी ठेवा. आदल्या संध्याकाळी पाणी घाला. मान टाकलेल्या रोपाला छाटू नये. सकाळी दव वाळलं की बसायचं.

आता कापायचं कुठे, हे आधीच नीट बघून ठेवा. वर्षायू, म्हणजे एकाच हंगामात आयुष्य संपणाऱ्या, रोपाची सगळी धडपड बी धरण्यासाठी. बी धरलं की त्याचं काम संपलं, आणि फुलंही कमी होतात. म्हणून नुसत्या पाकळ्या ओढून उपयोग नाही. पिटुनियाचा भोंगा सहज हातात येतो, पण बोंड खालच्या हिरव्या कपात तसंच राहतं; ते देठासकट खुडा. झेंडूचा फुलाखालचा फुगीर भागही गेला पाहिजे. झिनियाचा देठ धरून खाली या, पानांची पहिली धडधाकट जोडी लागली की तिच्या जरा वर कापा. त्याच पेरातून दोन फुटवे येतात. साल्व्हियाचा वाळलेला तुरा अख्खा काढा. लोंबायला लागलेला पिटुनिया एकतृतीयांश आखूड करा, पण सगळ्या फांद्या एकाच दिवशी नकोत. अर्ध्या आज, अर्ध्या पुढच्या आठवड्यात.

ऑफिस टाइम (पोर्चुलाका) आणि तेरड्याची फुलं आपोआप गळतात, त्यांच्या नादी लागू नका. कोंबड्याचा मुख्य तुराही राहू द्या.

लाल दोरा जवळ असू द्या. बियांसाठी ठेवायच्या दोन-तीन फुलांना तो बांधायचा, नाहीतर कापण्याच्या भरात तीही जातात. संकरित बियाण्याची रोपं असतील तर दोरा विसरा, त्यांचं बी आईसारखं निघत नाही.

खताची सोय आदल्या दिवशीच करा. शेंगदाण्याची पेंड भिजवून, भरपूर पाणी घालून पातळ केलेली चांगली. वास मात्र शेजारच्या बाल्कनीपर्यंत जातो. मला मूठभर गांडूळखतच बरं वाटतं.