छोट्या दुर्बिणीसाठी ऑटोगाइडिंग: घेताना आणि लावताना या चुका टाळा

तीस सेकंदांच्या फोटोत तारे गोल येतात, तीन मिनिटांच्या फोटोत लांबट होतात. ६० मिमीचा छोटा रिफ्रॅक्टर (भिंगांची दुर्बीण) घेऊन तेजोमेघांच्या मागे लागलेला प्रत्येक जण इथे अडतो. मग ऑटोगाइडिंगची, म्हणजे दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची (दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवणाऱ्या स्टँडची) चूक आपोआप सुधारणाऱ्या साधनांची, खरेदी सुरू होते आणि पैसे बहुतेक वेळा नको तिथे जातात.

पहिली चूक म्हणजे जड गाइडस्कोप (त्या दुसऱ्या कॅमेऱ्याची वेगळी दुर्बीण) किंवा ऑफ-ॲक्सिस गाइडर (मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश त्या कॅमेऱ्याकडे वळवणारे साधन) घेणे. हिशोब करून बघा: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा आणि मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थने भागा. मुख्य दुर्बीण ३६० मिमीची आणि कॅमेऱ्याचे पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचे असतील, तर एका पिक्सेलमध्ये आकाशाचे साधारण २.१५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) बसतात. १२० मिमी फोकल लेंग्थचा ३० मिमी गाइडस्कोप आणि ३.७५ मायक्रॉनचा कॅमेरा घेतला, तर हा आकडा ६.४ येतो. तिप्पट फरक पाहून घाबरू नका. सॉफ्टवेअर ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या लहानशा अंशापर्यंत अचूक काढते, त्यामुळे एवढे पुरते. गाइडिंगचा कॅमेरा मात्र मोनोच (कृष्णधवल) घ्या. रंगीत कॅमेऱ्याचे फिल्टर प्रकाश खातात आणि मंद तारे हातचे जातात.

वाचलेले पैसे गाइडस्कोप धरणाऱ्या पक्क्या रिंगांवर घाला. माझ्या मते सगळ्यात जास्त फोटो इथेच बिघडतात. पीएचडी२ या गाइडिंगच्या सॉफ्टवेअरचा आलेख सरळ दिसतो, तरी फोटोत तारे ताणलेले. अशा वेळी सेटिंग बदलत बसू नका. तासाभरातला पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवून पाहा. सगळे तारे एकाच दिशेने सरकले असतील, तर गाइडस्कोप मुख्य दुर्बिणीच्या तुलनेत हळूहळू वाकतो आहे. फाइंडरच्या स्प्रिंगवाल्या ब्रॅकेटवर तो बसवला असेल, तर दोष बहुधा तिथेच आहे. लोंबकळणारी केबलही हेच करते, ती दुर्बिणीलाच बांधा. कोपऱ्यांतले तारे गोल फिरल्यासारखे दिसत असतील, तर मात्र ध्रुवीय जुळवणी (माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे नेमका रोखणे) चुकली आहे.

ती जुळवणी सोलापुरात जरा अवघड जाते. आपला अक्षांश साधारण १७.७ अंश, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम तेवढाच वर. उत्तरेला लिंबाचे एक झाड असले तरी तो झाकला जातो. इतक्या कमी अक्षांशावर काही माउंटची वजनाची दांडी ट्रायपॉडच्या पायाला अडते, म्हणून घेण्याआधी माउंटची अक्षांश-मर्यादा विचारा. आणि काळी जमीन! शहराच्या दक्षिणेला मंद्रूपकडच्या शेतात ट्रायपॉड नुसता टेकवला, तर पाय हळूहळू रुततात आणि संध्याकाळी केलेली जुळवणी मध्यरात्रीपर्यंत टिकत नाही. शहाबादी फरशीचे तीन तुकडे गाडीत ठेवा, प्रत्येक पायाखाली एक. मंद्रूपच्या बाजूला शहराचा उजेड उत्तरेला राहतो, पण ध्रुवतारा त्यातूनही दिसतो. दक्षिणेचे आकाश मोकळे मिळते हा मोठा फायदा. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ इथून २५ अंशांपर्यंत वर येतो, युरोपातल्या बहुतेक हौशींना तो दिसतच नाही.

एक सेकंदाचे गाइड एक्स्पोजर ठेवू नका. मे महिन्यात तापलेली जमीन रात्री उशिरापर्यंत हवा हलवत राहते आणि माउंट त्या थरथरीच्या मागे धावत बसतो. दोन ते तीन सेकंद ठेवा. कॅलिब्रेशन (माउंट कसा हलतो हे सॉफ्टवेअरला शिकवणे) खगोलीय विषुववृत्ताजवळ, मध्यमंडलाच्या (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) आसपास करा. हिवाळ्यात मृगातले त्रिकांड त्यासाठी उत्तम खूण आहे. ‘तारा पुरेसा हलला नाही’ असा संदेश आला, तर आधी माउंटची जोडणी पाहा, मग प्रोफाइलमध्ये गाइडस्कोपची फोकल लेंग्थ बरोबर भरली आहे का ते तपासा. एकूण आरएमएस (गाइडिंगची सरासरी चूक) सव्वा आर्कसेकंदाच्या आत असेल, तर वर सांगितलेल्या जोडीला तो पुरेसा आहे. अर्ध्यावर आणण्यासाठी चांगली रात्र वाया घालवू नका.

स्टार ट्रॅकर (छोटा, हलका माउंट) घेणार असाल, तर गाइडिंग एका अक्षावर होते की दोन्ही, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. स्टार ॲडव्हेंचरर २आय हा ट्रॅकर फक्त विषुवांशात (पूर्व-पश्चिम दिशेत) दुरुस्ती करतो, त्याच मालिकेतला जीटीआय दोन्ही अक्षांवर. एकाच अक्षाचा ट्रॅकर असेल, तर ध्रुवीय जुळवणीतली चूक गाइडर झाकू शकत नाही.