चिंक्वे तेर्रेची पाच गावं पायी फिरताना या चुका टाळा

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावं आहेत. फोटोत रंगीत घरं आणि निळा समुद्र दिसतो, त्यामुळे लोक बीचवर जायच्या तयारीने येतात. गावांच्या पाठीशी मात्र डोंगराची उभी धार आहे. तिच्यावरचं माँते मालपेर्तुसो हे शिखर ८१५ मीटर उंच आहे आणि समुद्रापासून ते फार दूरही नाही. त्या उतारावर शेकडो वर्षं माणसांनी ताली, म्हणजे माती अडवणारे दगडी बांध, घालून द्राक्षाचे मळे उभे केले. इथली पायवाट त्याच तालींवरून चढते, उतरते आणि पुन्हा चढते. चारपाच दिवसांची पायी सहल आखताना होणाऱ्या बहुतेक चुका हा चढ-उतार हिशेबात न धरल्यामुळे होतात.

किलोमीटर बघून दिवस आखणं

ही सगळ्यात मोठी चूक. किनाऱ्यालगतची पाच गावांना जोडणारी जुनी निळी वाट जेमतेम १२ किलोमीटरची आहे, म्हणून एका दिवसात सगळं उरकायचा बेत केला जातो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा नियम दिला: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. सुरुवात या हिशेबाने करा, पण तिथे थांबू नका. इथल्या दगडी पायऱ्या उंचीला असमान आहेत. काही गुडघ्यापर्यंत येतात, तर काहींवर अर्धं पाऊलच मावतं. शिवाय अरुंद जागी समोरून येणाऱ्यांना वाट द्यावी लागते. नियमाने आलेल्या वेळेच्या दीडपट वेळ धरली तर दिवस हातात राहतो.

उदाहरणार्थ, पाच गावांच्या आग्नेयेला असलेल्या पोर्तोवेनेरे गावाहून काम्पील्यामार्गे रिओमाज्जोरेचा टप्पा घ्या. किल्ल्याशेजारूनच चढ सुरू होतो, धारेवरची तेलेग्राफो खिंड ५१३ मीटरवर आहे, आणि तिथून मोंतेनेरोच्या देवस्थानावरून खाली समुद्रापर्यंत उतरायचं. या टप्प्याला पाच-सहा तास सहज जातात. त्याच दिवशी दुपारी आणखी एक गाव जोडायचा मोह टाळा. माझ्या मते चार दिवसांची आखणी सगळ्यात समाधानाची होते: पहिल्या दिवशी हा टप्पा, दुसऱ्या दिवशी मळ्यांमधून कोर्निल्या, तिसऱ्या दिवशी वेर्नात्सा करून मोंतेरोस्सो, आणि चौथ्या दिवशी पुन्ता मेस्कोचं टोक ओलांडून पलीकडचं लेवांतो गाव.

उतार सोपा समजणं

चढताना दम लागतो, म्हणून चढाची धास्ती असते. दुखणं मात्र उतारावर येतं. उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराचं वजन तोलून धरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय लाकडासारखे होतात ते त्यामुळेच. पावलं छोटी टाका, गुडघा किंचित वाकवून ठेवा आणि दोन काठ्या वापरा. निघण्याआधी महिनाभर जिने उतरण्याचा सराव केलात तर फरक कळेल. नुसतं सपाट चालून ही तयारी होत नाही. बुटाच्या पुढच्या भागात बोटांना जागा नसेल तर उतारावर नखं काळी पडतात. टाचेला चुरचुर जाणवली की तिथेच थांबून टेप लावा. गावात पोहोचल्यावर बघू म्हटलं की फोड आलाच समजा.

चप्पल किंवा उघडी सँडल घालून या वाटांवर जाऊच नका. राष्ट्रीय उद्यानाच्या नियमात ते बसत नाही आणि दंडही होऊ शकतो. नियम कडक वाटेल, पण बचाव पथकाने किती जणांना या पायऱ्यांवरून उचलून न्यायचं, याचाही विचार व्हायला हवा.

बंद वाट उघडी असेल असं गृहीत धरणं आणि जुना नकाशा

मानारोला ते कोर्निल्या ही किनाऱ्यालगतची वाट दरडींमुळे अनेक वर्षं बंद आहे. रिओमाज्जोरे ते मानारोला ही प्रसिद्ध ‘व्हिया देल्लामोरे’ २०१२ च्या सप्टेंबरमध्ये दरड कोसळून बंद झाली आणि २०२४ मध्ये उघडली. आता तिथे वेळ ठरवून आधी आरक्षण करावं लागतं. ते मिळालं नाही तर डोंगरावरून जाणारी बेक्कारा ही ५३१ क्रमांकाची वाट आहे, पण ती उभी चढते आणि तशीच उभी उतरते.

मानारोलाहून कोर्निल्याला जायचं तर वर डोंगरातल्या वोलास्त्रा गावामार्गे जा. आधी हजारभर पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून अनेकजण हा टप्पा रेल्वेने उरकतात. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण वोलास्त्राच्या पुढे वाट जवळपास समपातळीत थेट द्राक्षमळ्यांमधून जाते. या सगळ्या सहलीत मळे इतक्या जवळून दुसरीकडे कुठेच भेटत नाहीत.

जुन्या पुस्तकांत वाटांना १, २ असे क्रमांक असतात. आता ते ५०० च्या मालिकेत बदलले आहेत, आणि जुना दोन क्रमांक, म्हणजे किनाऱ्यालगतची निळी वाट, ५९२ झाला आहे. झाडांवर, दगडांवर लाल-पांढऱ्या पट्ट्या असतात. बराच वेळ पट्टी दिसली नाही तर पुढे रेटू नका, शेवटच्या पट्टीपर्यंत मागे या. मळ्यांत शिरणाऱ्या अनेक वाटा शेतकऱ्याच्या कामाच्या असतात आणि एखाद्या तालीपाशी संपतात.

तालीवर चढणं

या ताली चुना-सिमेंटाशिवाय, नुसते दगड एकात एक बसवून रचलेल्या आहेत. वरून पाणी झिरपून जातं म्हणून त्या टिकतात. फोटोसाठी कोणी काठावर बसलं आणि दगड हलला, की पुढच्या पावसात तिथून माती सुटते आणि ती खालच्या तालीवर जाऊन पडते. दुरुस्ती हातानेच करावी लागते. मळे सोडून गेलेल्यांच्या ताली आधीच ढासळत आहेत, त्यात आपली भर नको. चढावर दातेरी रूळ दिसतील. त्यांवरून छोटी गाडी द्राक्षांच्या पेट्या वाहते, तेव्हा रुळांवर पाय ठेवू नका. सप्टेंबरच्या तोडणीत माणसं ओझी घेऊन येताना दिसली तर बाजूला उभं राहा. एक घोस तोडला तरी ती चोरीच.

ऊन, पाणी आणि वाइन

किनारा नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे. सकाळी उताराला थोडी सावली मिळते, पण दुपारपासून सूर्यास्तापर्यंत ऊन थेट अंगावर असतं आणि तालींवर झाड नसतं. मोठे चढ सकाळीच संपवा. पाण्याचे नळ गावांत आहेत, मधल्या वाटेवर मिळतीलच याचा भरवसा नाही. माणशी दोन लिटर पाणी घेऊन निघा. बोस्को, अल्बारोला आणि वेर्मेंतिनो या द्राक्षांची इथली पांढरी वाइन, आणि द्राक्षं वाळवून केलेली गोड ‘शाक्केत्रा’, दोन्ही चाखायच्या तर दिवसाची चाल संपल्यावर.

पावसाचा इशारा दुर्लक्षणं

२५ ऑक्टोबर २०११ च्या पावसात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखलाखाली गेले. हवामानाचा इशारा नारिंगी किंवा लाल असेल तेव्हा वाटा बंद ठेवल्या जातात. अडथळा ओलांडून जाऊ नका, एक दिवस हातचा ठेवा. अपघात झालाच तर ११२ लावा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा आरोग्य विमा लागतो, पण त्यात डोंगरवाटेवरची चाल धरली आहे का, हे कागद वाचून बघा.

सामान आणि तिकीट

कोर्निल्या स्टेशनपासून गावापर्यंत ३८० च्या आसपास पायऱ्या आहेत, चाकांची बॅग तिथे उपयोगाची नाही. एकाच गावात मुक्काम करून रोज छोटी सॅक घेऊन निघा आणि रेल्वेने परत या. वेर्नात्साच्या दोन्ही बाजूंच्या किनारी वाटांना उद्यानाचं सशुल्क प्रवेश कार्ड लागतं, आणि गर्दीच्या काही दिवशी मोंतेरोस्सो-वेर्नात्सा वाट ठरावीक वेळेत एकदिशा असते. आदल्या रात्री उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. रेल्वेचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. नाहीतर तिकीट असूनही दंड बसतो.