सोलापूरहून लेहला बिऱ्हाड हलवताय? या चुका टाळा

आमच्या ट्रकमध्ये सगळ्यात आधी चढला तो कूलर. पत्र्याचा, मोठा, नुकतंच नवं गवत भरून घेतलेला. मे महिन्यात सोलापुरात बसून सामान बांधणाऱ्या माणसाला कूलर मागे सोडायचा विचारच सोसत नाही. लेहमध्ये तो तीन वर्षं जिन्याखाली उभा होता. मुलांचे बूट ठेवायला बरा पडला.

यांची केंद्र सरकारी नोकरी, बदली तीन वर्षांची. आम्ही दोघं, दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं, सहासष्ट वर्षांच्या सासूबाई, एक डिझेल गाडी आणि मागून ट्रक. आता परत आल्यावर ओळखीपाळखीतून कुणाची तिकडे बदली झाली की फोन येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रस्ता कसा आहे?" रस्ता बरा आहे हो. आमच्या चुका झाल्या त्या घरात, दिवाणावर कॅलेंडर पसरून बसलो तेव्हाच.

निघायच्या तारखेपासून मोजू नका

सगळे इथूनच सुरुवात करतात. अमुक तारखेला निघू, मग धुळे, मग इंदूर, असं पुढे पुढे मोजत जायचं. सोलापूरकराला तर हा मोह जास्तच, कारण आपल्या दारातला राष्ट्रीय महामार्ग ५२ थेट पंजाबातल्या संगरूरपर्यंत जातो. तुळजापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, सेंधवा, इंदूर, झालावाड, कोटा, जयपूर, हिसार. रस्त्याचा नंबरसुद्धा बदलत नाही. त्यामुळे वाटतं, चार दिवस झाले की संपलं.

सोलापूर ते धुळे साधारण साडेचारशे किलोमीटर. सकाळी निघालात की मुक्कामाला पोचता. श्रीनगर ते लेह सव्वाचारशेच्या आसपास, म्हणजे अंतर जवळजवळ तेवढंच, पण कुटुंबाला घेऊन दोन दिवस धरावे लागतात आणि घाट बंद असला तर किती ते कुणीच सांगू शकत नाही. एकूण प्रवास तीन हजार किलोमीटरला थोडा कमी. त्यातला शेवटचा चौथा हिस्सा निम्मे दिवस खातो.

म्हणून उलटं मोजा. हजर व्हायची तारीख आधी लिहा. तिच्या मागे लेहमध्ये निव्वळ पडून राहायचे दोन दिवस, त्याच्या मागे कारगिलचा मुक्काम, त्याच्या मागे श्रीनगरला दोन रात्री आणि एक दिवस राखीव. हा राखीव दिवस श्रीनगर-लेह रस्त्यावरच्या जोजिला घाटासाठी नाही लागला तर रामबन ते बनिहाल पट्ट्यासाठी लागतो. चेनानी-नाशरी आणि बनिहाल-काझीगुंड हे दोन मोठे बोगदे झाल्यापासून जम्मू-श्रीनगर रस्ता सोपा झालाय, पण दोन्हींच्या मधल्या डोंगराला पाऊस लागला की दरड येतेच. एवढं वजा केल्यावर जी तारीख उरते ती सोलापूर सोडायची. आमच्या हिशेबाने हजर व्हायच्या आधी बारा दिवस. आम्ही आठ धरले होते.

दुसरं, महिना. सासूबाईंचं म्हणणं होतं, गड्ड्याची यात्रा करू, अक्षता सोहळा बघू आणि मग निघू. सिद्धेश्वराची यात्रा संक्रांतीला, म्हणजे जानेवारी, आणि तेव्हा जोजिला बर्फाखाली असतो. जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही सोनमर्गपर्यंत जाता येतं, पण जोजिला त्याच्या पुढे आहे आणि त्याच्या बोगद्याचं काम अजून चाललंय. बिऱ्हाडासाठी मेचा शेवट ते सप्टेंबर हाच काळ. मे-जूनमध्ये मात्र राजस्थानची दुपार टाळा. पहाटे पाचला निघून अकरा-बाराला मुक्काम गाठायचा. टायर जुने असतील तर सोलापुरातच बदला.

आणि तुळजापूर. पंचेचाळीस किलोमीटरवर आईचं देऊळ, नमस्कार न करता कसं जाणार? जरूर करा, पण आदल्या आठवड्यात जाऊन या. आम्ही निघायच्या दिवशी रांगेत उभे राहिलो आणि पहिला मुक्काम धुळ्याऐवजी संभाजीनगरलाच करावा लागला.

मनाली की श्रीनगर

यावर घराघरात वाद होतात. मनालीचा रस्ता देखणा आहे आणि २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून रोहतांगचा त्रासही गेला. सहलीला खुशाल जा. पण बिऱ्हाड, लहान मुलं आणि म्हातारं माणूस घेऊन पहिल्यांदा जाताना श्रीनगरच. कारण उंचीचं आहे. मनालीहून निघालात की मधला मुक्काम बहुधा सरचूला पडतो, सव्वाचार हजार मीटरच्या वर, आणि दुसऱ्या दिवशी तांगलांग ला (ला म्हणजे खिंड) सव्वापाच हजारांच्याही वर. झोपायची जागा लेहपेक्षा उंच! श्रीनगरच्या बाजूने शरीराला पायऱ्या मिळतात. श्रीनगर सुमारे १६०० मीटर, मग जोजिला ३५२८, पण झोपायला खाली कारगिल, साधारण २७०० मीटर. दुसऱ्या दिवशी फोटू ला ४१०८ मीटर चढून लेहमध्ये ३५०० वर उतरायचं. सोलापूर ५०० मीटरच्याही खाली आहे हे लक्षात ठेवा.

"आईंना विमानाने पाठवू, त्यांना आराम" ही चूक आम्ही करता करता राहिलो. दिल्लीहून विमान सव्वा-दीड तासात लेहला उतरवतं, म्हणजे शरीराला एकही पायरी मिळत नाही. सासूबाईंना बीपीची गोळी आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गाडीनेच न्या, हळूहळू न्या. उंचीसाठी असिटाझोलामाइडची गोळी देतात, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर ती चालत नाही. तेव्हा शेजाऱ्याने दिली म्हणून घेऊ नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

पोचल्यावर सामान लावायला घेणं ही सगळ्यात सामान्य चूक. बाईमाणसाचा हात शिवशिवतोच, खोके डोळ्यांसमोर असतात. मी पहिल्याच संध्याकाळी पलंग सरकवला आणि रात्री उलट्या केल्या. डोकं दुखणं, झोप न लागणं, भूक मरणं हे होतं. दोन दिवस पडून राहिलं, पाणी पीत राहिलं की बहुतेकांचं ओसरतं. पण बसल्या जागी धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. लेहमध्ये सोनम नोरबू मेमोरियल हे सरकारी रुग्णालय आहे आणि तिथे हा रोजचा आजार आहे. गाडीत घालून खाली न्यावं म्हटलं तर लेहहून श्रीनगर किंवा मनालीकडे जाताना वाटेत लेहपेक्षाही उंच खिंडी चढाव्या लागतात.

ट्रक तुमच्यासोबत पोचणार नाही

यावर जरा जास्त लिहिते, कारण आमचे सगळ्यात जास्त पैसे आणि झोप इथे गेली.

आम्ही तीन ठिकाणी भाव विचारला आणि सगळ्यात कमी सांगणाऱ्याला माल दिला. पार्टलोड होता, म्हणजे ट्रकमध्ये आमच्याबरोबर इतरांचाही माल. बिल्टीवर, म्हणजे ट्रकवाल्याच्या मालपावतीवर, "लेह" लिहिलेलं बघून आम्ही निर्धास्त. प्रत्यक्षात तो ट्रक जम्मूपर्यंतच जाणारा होता. तिथे माल गोदामात उतरला आणि लेहकडची दुसरी गाडी भरेपर्यंत बारा दिवस पडून राहिला. फोन केला की एकच उत्तर: "ताई, उद्या निघतोय." आमच्या रजया त्यात, मुलांचे स्वेटर त्यात, कुकर त्यात. जूनमध्येसुद्धा लेहची रात्र सोलापूरच्या माणसाला थंडीची वाटते. नव्या नवलाईच्या त्या घरात आम्ही पाच माणसं शेजाऱ्यांच्या दोन रजयांत झोपलो.

तेव्हा माल चढवण्याआधी एवढं कागदावर लिहून घ्या: गाडी तीच जाणार की मध्ये बदलणार, बदलणार तर कुठे, पोच किती दिवसांत, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) आणि हॉल्टिंग (गाडी थांबून राहिल्याचे पैसे) कुणाच्या खिशातून. तोंडी भावात हे दोन खर्च कधीच नसतात आणि माल उतरवायच्या वेळी दारात उभे राहतात. बिल्टीवर "ओनर्स रिस्क", म्हणजे नुकसान मालाच्या मालकाचं, असा शिक्का असेल तर वेगळा ट्रान्झिट विमा काढा आणि यादीत प्रत्येक वस्तूची किंमत टाका. "घरगुती सामान, एकूण" अशा एका ओळीवर भरपाई मागायला गेलात तर भांडत बसाल. ट्रकवाल्याने वाटेत उशीर सांगितला तर सगळंच खोटं नसतं, हेही सांगते. कन्नडच्या औट्रम घाटात जड वाहनांना बंदी आल्यापासून ट्रक दुसऱ्या वाटेने फिरून जातात. कोट्याच्या अलीकडे दरा घाटीत गाड्या अडकून पडतात.

खोक्यांवर मी सुवाच्य अक्षरात "कपबशा, जपून" लिहिलं होतं. जम्मूच्या हमालाला "जपून" काय कळणार? त्याने देवाचा जप समजून पोथ्यांचं खोकं म्हणून तळाला घातलं असावं. सहापैकी दोन कप वाचले. "काँच है, ऊपर रखो" असं लिहा.

गॅसचा भरलेला सिलिंडर ट्रकमध्ये घालू नका. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, ते दाखवून तिकडे कनेक्शन मिळतं. शेगडी न्या. पंखे काढून नेऊ नका. सोलापुरी चादरी भरपूर न्या, पण काचेला गुंडाळायला. अंगावर घ्यायला तिकडे त्या पुरत नाहीत. आणि गाडीत, स्वतःबरोबर, प्रत्येकाची एक रजई, कुकर, तवा, औषधं, दाखले आणि एका आठवड्याचे गरम कपडे. ट्रक आलाच नाही तरी आठ दिवस निघाले पाहिजेत.

गाडीत पाणी नको, कूलंट हवं

आमच्या गॅरेजवाल्याने रेडिएटर उघडून बघितला आणि म्हणाला, "पाणीच टाका की वहिनी, इंजिन गारच राहायला पाहिजे ना?" सोलापुरात त्याचं खरं आहे, इथे गाडी तापायचीच भीती. लेहच्या हिवाळ्यात तेच पाणी रात्रीत गोठून फुगतं आणि रेडिएटर, कधी इंजिनचा ब्लॉकच फोडतं. निघण्याआधी सगळं पाणी काढून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरून घ्या. काच धुवायच्या टाकीतलं साधं पाणीही काढा.

डिझेलही थंडीत घट्ट होतं. २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. थंडी सुरू झाली की तेच भरायचं. सीएनजी गाडी असेल तर पेट्रोलवर चालणारी बाजू नीट तपासून घ्या, डोंगरात गॅसच्या भरवशावर राहता येत नाही.

चढावर गाडी ओढत नाही असं वाटलं तर घाबरू नका. लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६५ टक्क्यांच्या आसपास असतो, इंजिनलाही धाप लागते. एसी बंद, खालचा गिअर. उतारावरही गिअरवरच उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर वास येईल, आणि वास आला की थांबायचं. हा धडा सेंधव्याच्या बिजासन घाटातच गिरवून घ्या.

कागद

पटकन सांगते. एमएच १३ची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात राहणार असेल तर तिथे नोंदणी करावी लागते. त्यासाठी सोलापूर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, निघण्याआधी घ्या; गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती आधी. वारंवार बदलीची सरकारी नोकरी असेल तर २०२१ पासून मिळणारी बीएच मालिका बघा, त्या नंबराला राज्य बदललं तरी नव्याने नोंदणी लागत नाही. मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या, परराज्यात बहुतेक ठिकाणी ती मागतात. फास्टॅगची केवायसी तपासा. आणि मोबाइल: बाहेरच्या राज्यांचे प्रीपेड नंबर जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत. घरातला निदान एक नंबर पोस्टपेड करून घ्या. आमचे दोन्ही फोन जम्मू-काश्मीरच्या सीमेवरच्या लखनपूरला एकदम मुके झाले आणि माहेरचे दोन दिवस काळजीत.

डब्याचं

हे एक आमचं बरोबर आलं. कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणी. महिनाभर काही होत नाही, मुलांना चहात बुडवूनही चालते. फक्त चटणी स्टीलच्या डब्यात न्या. प्लॅस्टिकची सीलबंद पाकिटं उंचीवर फुग्यासारखी फुगतात. फोटू लावर आमचं एक फुटलं आणि सासूबाईंचं नऊवारी लाल झालं. तेलाच्या बाटल्यांचंही तेच, मध्ये एकदा झाकण सैल करून पुन्हा लावायचं.

लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. पातेल्यात डाळ शिजत नाही, कितीही वेळ ठेवा. कुकरलाही दोन शिट्ट्या जास्त द्याव्या लागतात.

पहिल्या हिवाळ्यात

हँडब्रेक ओढून गाडी ठेवू नका, तो गोठून तसाच राहतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओतलं तर काच तडकते. बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, पेटती ठेवून बंद खोलीत झोपू नका. कोंडलेल्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. झोपण्याआधी ती विझवायची आणि खिडकीची बोटभर फट उघडी ठेवायची, कितीही थंडी असली तरी.