रविवार की सोमवार? कागद आणि वेबपान नीट करण्याची माझी रीत

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. अर्ज, नोटिसा, सोसायट्यांचे अहवाल, पत्रिका, आणि अलीकडे सोसायट्यांची वेबपानं, असा सगळा माल या एका टेबलावरून जातो. बेळगावात सौहार्द सोसायट्यांना, म्हणजे कर्नाटकातल्या एका प्रकारच्या सहकारी संस्थांना, तोटा नाही, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात वार्षिक सभांच्या नोटिसांचा नुसता पाऊस असतो. मी मजकूर फक्त टाईप करत नाही, दुरुस्तही करते. कुणी सांगितलेलं नसतं, पण हात राहत नाही.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. २०२४ साली एका सोसायटीची सभा रविवारी, २२ सप्टेंबरला होती. पुढच्या वर्षी सेक्रेटरी काका तीच नोटीस घेऊन आले. म्हणाले, "साल बदल अक्का, बाकी सगळं तेच." सभा ठरली होती रविवारी, २१ सप्टेंबरला. मी साल बदललं, तारीख तशीच राहिली. छापून गेलं 'रविवार, दि. २२ सप्टेंबर २०२५'. त्या दिवशी सोमवार. त्यात २१ तारखेला सर्वपित्री अमावास्या आणि २२ ला घटस्थापना. अमावास्येला कोण सभा घेतंय, तारीखच खरी असणार, असं धरून निम्मे सभासद सोमवारी आले आणि बंद दाराला भेटून गेले. काका मला काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून पहिला नियम: जुन्या फाईलवर नवीन कागद करायचा नाही. नवी फाईल उघडा, जुनी शेजारी ठेवा आणि लागेल तेवढंच उचला. तारीख, वार, वेळ, रक्कम, फोन, खातं नंबर हे सगळं हाताने नव्याने टाका. वार कॅलेंडरवर बोट ठेवून बघायचा.

आता दुरुस्तीचं. लोक मजकूर आणला की आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासायला बसतात. ते शेवटी. आधी विचारायचं की हा कागद कोण वाचणार आणि वाचून काय करणार? जी ओळ उद्या काढून टाकायची आहे तिच्यातली वेलांटी सुधारून काय उपयोग? त्याच नोटिशीची सुरुवात बघा:

'उपरोक्त विषयास अनुसरून सर्व सन्माननीय सभासद बंधू-भगिनींना कळविण्यात अत्यंत आनंद होत आहे की, आपल्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आयोजित करण्यात आलेली असून सदर सभेस आपण बहुसंख्येने उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.'

एकतीस शब्द झाले, आणि सभा कधी, कुठे याचा पत्ता नाही. ते चौथ्या परिच्छेदात, लाभांशाच्या खाली. वडगावच्या मागावरून उठून आलेला माणूस नोटीस दाराजवळ उभ्याने वाचतो. त्याला तीनच गोष्टी हव्यात. म्हणून आता मांडणी अशी असते, नमुन्याला त्याच सभेची बरोबर तारीख घेतली आहे:

वार्षिक सर्वसाधारण सभा
रविवार, २१ सप्टेंबर २०२५, सकाळी १०.३० वाजता
संस्थेचे मुख्य कार्यालय, पहिला मजला
येताना सभासद ओळखपत्र आणावे.

याखाली सभेपुढचे विषय, आणि त्याखाली गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली तर ती कधी, कुठे होईल ते वाक्य. ते वाक्य कितीही रटाळ वाटलं तरी काढू नका. कायद्याने किंवा पोटनियमाने जे लिहावंच लागतं, त्याला कात्री लावायचा अधिकार आपल्याला नाही. कात्री लागते ती 'सदर', 'उपरोक्त', 'करण्यात आलेली असून' यांना. 'निवड करण्यात आली' ऐवजी 'निवडले', 'वसुली करण्याची कार्यवाही सुरू आहे' ऐवजी 'वसुली सुरू आहे'. 'करण्यात येईल' दिसलं की विचारा, कोण करणार? उत्तर 'शाखा व्यवस्थापक' असेल तर तसं लिहा. पुष्कळदा उत्तरच नसतं, आणि म्हणूनच 'येईल' लिहिलेलं असतं.

काका मात्र प्रूफ बघून म्हणाले, "काय वो अक्का, 'सन्माननीय' काढलासा की! चेअरमन काय म्हणतील?" मी सगळ्यात खाली एक ओळ घातली: 'सर्व सन्माननीय सभासदांनी उपस्थित राहावे, ही विनंती.' मान राहिला आणि वेळही सापडली. अशा ठिकाणी ताणायचं नाही. माणसाला आपला कागद आपला वाटला पाहिजे.

आमच्याकडची एक खास अडचण म्हणजे मजकूर पुष्कळदा कन्नडातून येतो. दोन्ही भाषांत शब्द तोच, अर्थ वेगळा. एका पानावर आलं होतं, 'काही अनुमान असल्यास कार्यालयात भेटावे.' कन्नडात अनुमान म्हणजे शंका. मराठी वाचणारा म्हणणार, अनुमान तुम्हीच काढा की! 'अवसर' तसाच: कन्नडात घाई, मराठीत संधी. अशी वाक्यं शब्दाला शब्द ठेवून नाही, तर मूळ माणसाला काय म्हणायचंय ते विचारून लिहायची. उलट बाजूनेही फसगत होते. एकाने कर्जाचं पान पुण्याकडच्या नमुन्यावरून उचललं, त्यात 'सातबारा जोडावा'. खानापूरचा शेतकरी सातबारा कुठून आणणार? इथे जमिनीचा आरटीसी उतारा असतो. नमुना कितीही देखणा असो, तो कुठल्या राज्यातला आहे ते आधी बघा. गावाच्या नावाचंही तेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे. सरकारी अर्जावर ते घालते, घरगुती पत्रिकेत बेळगाव. पण एका कागदात दोन्ही मिसळत नाही.

ऱ्हस्व-दीर्घ आता. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे, पुढे १९७२ ला चार वाढवून अठरा झाले. सगळे पाठ नसले तरी चालतं. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, 'आणि', 'नि', 'परंतु' यांसारखे अपवाद सोडून, एवढं सांभाळलं तरी निम्म्या चुका जातात. खरा घोळ फॉन्ट बदलताना होतो. जुने अहवाल श्रीलिपीत आहेत. ते युनिकोडमध्ये नेले की रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो आणि 'ऱ्या' मोडतो. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत डोंगर-समुद्राचा फरक आहे. म्हणून कन्व्हर्टरमधून आलेला मजकूर कच्चाच समजायचा. 'ऱ्य', 'ऱ्ह' आणि रफाराचे शब्द शोधून एकेक बघा.

प्रूफ स्क्रीनवर वाचू नका. कागदावर काढा, पट्टी ठेवा, मोठ्याने वाचा. ज्या वाक्यात श्वास पुरत नाही ते तोडा. आकडे वेगळ्या फेरीत, फक्त आकडे. १,२५,००० मधला स्वल्पविराम सरकला तर बेरीज बरोबर असूनही लोकांना घोटाळा वाटतो. तारीख ३/४ अशी कधीच नाही, '३ एप्रिल'.

मांडणीत देवनागरीची स्वतःची मागणी असते. वर वेलांटी-रफार, खाली उकार, म्हणून ओळींत हवा लागते. कागदावर मी अक्षर १२-१३ पॉइंट ठेवते, ओळींमधलं अंतर दीडपटीच्या आसपास. कन्नड ओळीला तर खाली लटकणारी जोडाक्षरं असतात, तिला आणखी जागा. दोन्ही लिप्या एकाच पॉइंटला सारख्या दिसत नाहीत, तेव्हा आकडा बघू नका, दोन ओळी छापून डोळ्याने जुळवा. आणि एक ओळ मराठी, एक ओळ कन्नड असं विणकाम नको. डावीकडे एक, उजवीकडे एक, किंवा पाठपोट. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह टाळा, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. अधोरेखा उकार कापते. जोर द्यायचा तर ठळक करा, तेही पानात दोन-तीन ठिकाणीच. दोन्ही कडा सरळ करायच्या नादात शब्दांत भगदाडं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी.

कमी शब्दांत बसवायचा सराव आम्हाला फलकांनी दिला. २०२४ पासून कर्नाटकात दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड लागतं. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी आणि इंग्रजी. मग स्थापना वर्ष, ब्रीदवाक्य, 'आपलाच विश्वासू' वगैरे आपोआप गळतं, नाव आणि धंदा तेवढा राहतो.

वेबपान म्हणजे फोनवर वाचायची नोटीस. एका सोसायटीच्या पानावर उघडताच संचालकांचे फोटो सरकत होते, एकामागून एक अकरा. ठेवीचा व्याजदर कुठे, तर सगळ्यात खाली, आणि तोही तक्त्याचा फोटो. फोटोतला मजकूर शोधला तर सापडत नाही, फोनवर वाढवला तर फाटतो, आणि दृष्टिहीन माणसाचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथे गप्प बसतं. मी वर तीन गोष्टी आणल्या: व्याजदर, शाखांची वेळ, फोन. संचालक 'आमच्याविषयी'त गेले. तक्ता खरा तक्ता केला. 'इथे क्लिक करा' काढून 'कर्जाचा अर्ज उतरवून घ्या' लिहिलं.

पिवळ्यावर भगवा रंग मंडपात शोभतो, पानावर अक्षर दिसत नाही. वेबच्या सुलभतेच्या मानकात साध्या मजकुराला ४.५ ला १ एवढा रंगफरक मागितला आहे. मोजणारी साधनं फुकट मिळतात. मजकूर निदान १६ पिक्सेल, मराठीला मी १८ ठेवते. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मग ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदीचे.

शेवटी प्रूफवर गिऱ्हाइकाची सही घेते. नुसती सही नाही, स्वतःच्या हाताने लिहायचं: 'वार, तारीख, वेळ तपासली'. काका दरवेळी कुरकुरतात, मग चष्मा काढतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून एकदा बोटं मोजतात.